इंग्लंडमध्ये ॲनेक्सवालं घर घेताय? स्टॅम्प ड्यूटीचं गणित आधी मांडून घ्या

सॉलिसिटरच्या, म्हणजे घरखरेदीचं काम बघणाऱ्या वकिलाच्या, ऑफिसातून हिशेबाचा कागद आला. स्टॅम्प ड्यूटीच्या ओळीत ६५,००० पौंड. आम्ही घरी काढलेला आकडा होता २७,५००. साडेसदतीस हजारांचा फरक, आणि कॉन्ट्रॅक्ट एक्सचेंज (सौदा कायद्याने पक्का होतो तो टप्पा) व्हायला नऊ दिवस उरलेले. त्या रात्री आम्ही दोघं जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसलो होतो आणि घर सोडून द्यायचा विचारही करून झाला होता.

घर साडेसात लाख पौंडांचं. बाजूच्या जुन्या डबल गॅरेजचं ॲनेक्स केलेलं: एक खोली, छोटा ओटा, खाली बसवलेला शॉवर, आणि बाजूच्या बोळात उघडणारं स्वतःचं दार. सासूबाई २००९ पासून आमच्याकडेच आहेत. आता त्या ८१ वर्षांच्या, आणि गुडघ्यांमुळे जिना जमत नाही. म्हणून हेच घर हवं होतं. शेवटी ते घेतलं, आणि ड्यूटी २७,५००च भरली. ते नऊ दिवस कसे काढले आणि त्यात काय शिकले ते इथे क्रमाने लिहिते आहे. आईवडिलांसाठी किंवा सासूसासऱ्यांसाठी असं घर शोधणारी पुष्कळ मराठी कुटुंबं माझ्या ओळखीत आहेत, आणि जवळपास सगळ्यांच्या मनात एक जुना गैरसमज घट्ट बसलेला आहे. सुरुवात तिथूनच करते.

एक गोष्ट आधी. मी लिहिते आहे ती इंग्लंड आणि उत्तर आयर्लंडमधल्या ‘स्टॅम्प ड्यूटी लँड टॅक्स’बद्दल. स्कॉटलंडमध्ये एप्रिल २०१५ पासून आणि वेल्समध्ये एप्रिल २०१८ पासून त्यांचे स्वतःचे वेगळे कर आहेत. कार्डिफ किंवा एडिनबरामध्ये घर घेणार असाल तर खालचे आकडे वापरू नका.

१. ‘ॲनेक्स आहे म्हणून सूट मिळते’ हे डोक्यातून काढून टाका

ही सूट एके काळी खरोखर होती. ‘मल्टिपल ड्वेलिंग्ज रिलीफ’ असं तिचं नाव, आणि ती २०११ मध्ये आली. एकाच व्यवहारात दोन निवासं घेतली तर एकूण किमतीची सरासरी काढायची, त्या सरासरीवर कर काढायचा आणि दुप्पट करायचा. कमीत कमी कर एकूण किमतीच्या १ टक्का. सहा लाखांच्या घरात ॲनेक्स वेगळं निवास ठरलं, तर २०२३ च्या दरांनी १७,५०० ऐवजी ६,००० पौंडांवर काम भागायचं. तुमचे मित्र ‘आम्हाला ॲनेक्समुळे इतके वाचले’ म्हणतात ते बहुधा याच काळातलं.

६ मार्च २०२४ च्या बजेटमध्ये ही सूट बंद करायची घोषणा झाली. १ जून २०२४ पासूनच्या खरेदीला ती मिळत नाही. अपवाद फक्त ६ मार्चला किंवा त्याआधी कॉन्ट्रॅक्ट एक्सचेंज झालेल्यांचा. आज घर घेणाऱ्यासाठी ती संपली.

मग आज काय उरलं? उरलं ते एका जादा करापासूनचं संरक्षण. दुसरं घर घेणाऱ्यांवर सरचार्ज लागतो. ॲनेक्स हे ‘दुसरं घर’ मोजलं गेलं तर तो तुमच्यावरही लागू शकतो. एका ठरावीक कसोटीत ॲनेक्स मुख्य घराचं दुय्यम निवास ठरलं, तर ॲनेक्समुळे सरचार्ज लागत नाही. म्हणजे आजची लढाई कर कमी करून घेण्याची नाही, तो विनाकारण वाढू न देण्याची आहे. हे एकदा लक्षात आलं की सॉलिसिटरशी बोलणं फार सोपं होतं.

२. मूळ कर स्वतः काढा

एप्रिल २०२५ पासूनचे दर असे: पहिल्या १,२५,००० पौंडांवर काही नाही. तिथून २,५०,००० पर्यंतच्या भागावर २ टक्के, ९,२५,००० पर्यंतच्या भागावर ५ टक्के, १५ लाखांपर्यंत १० टक्के आणि त्यावर १२ टक्के.

आमचं उदाहरण: दुसऱ्या टप्प्याचे २,५००, मग उरलेल्या पाच लाखांवर ५ टक्क्यांनी २५,०००. एकूण २७,५००.

सरचार्ज एप्रिल २०१६ मध्ये ३ टक्क्यांनी सुरू झाला आणि ३१ ऑक्टोबर २०२४ पासून ५ टक्के आहे. तो संपूर्ण किमतीवर लागतो, वरच्या टप्प्यांपुरता नाही. साडेसात लाखांचे ५ टक्के म्हणजे ३७,५००. आमच्या कागदावरचे ६५,००० असे आले होते.

महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क भरलेल्यांनी इथे दोन सवयी बाजूला ठेवाव्यात. इथे रेडी रेकनर नाही, कर प्रत्यक्ष खरेदी किमतीवर. आणि बाईच्या नावावर घर घेतलं म्हणून तिकडे १ टक्का कमी लागतो तसं इथे काही नाही. मला हा प्रश्न इतक्या जणींनी विचारला आहे की तो इथे लिहून टाकणंच बरं.

३. ॲनेक्समध्ये वेगळी चूल मांडता येते का ते बघा

कायद्याचा पहिला प्रश्न हाच आहे. ॲनेक्स स्वतंत्र निवास म्हणून वापरण्याजोगं आहे का? नसेल तर ते मुख्य घराचाच एक भाग, आणि ॲनेक्सपुरता सरचार्जचा प्रश्नच मिटतो. असेल तर पुढच्या पायरीवर जायचं.

आपल्याकडे वाड्यात बिऱ्हाडं असत. कोणतं वेगळं बिऱ्हाड आणि कोणती नुसती जादा खोली हे दारं, मोरी आणि चूल बघून कळायचं. इथेही बघतात ते जवळपास तेच:

झोपायला-बसायला जागा, आंघोळ-संडासाची सोय आणि स्वयंपाकाची सोय आतच आहे का? सिंक आहे आणि स्वयंपाकाची शेगडी जोडायला जागा व जोडणी आहे का, हे पाहतात. जाताना विकणाऱ्याने फ्रिज आणि मायक्रोवेव्ह नेले म्हणून स्वयंपाकघर नाहीसं होत नाही.

आत यायला स्वतंत्र वाट आहे, की मुख्य घराच्या दिवाणखान्यातूनच जावं लागतं?

मुख्य घर आणि ॲनेक्स यांच्यामध्ये दार आहे का, आणि ते बंद करता येतं का? याला फार वजन आहे. २०२१ मध्ये अप्पर ट्रायब्युनलसमोर, म्हणजे करविषयक अपिलं ऐकणाऱ्या न्यायाधिकरणासमोर, एक प्रकरण गेलं होतं. घर आणि ॲनेक्स यांना जोडणारा एक छोटा पॅसेज, त्याला दाराची चौकट होती पण दारच नव्हतं. खरेदीदारांचं म्हणणं होतं की दार सहज बसवता आलं असतं. ट्रायब्युनलने पाहिलं ते घर ताब्यात आलं त्या दिवशी कसं होतं, आणि ॲनेक्सला स्वतंत्र निवास मानलं नाही.

वीज, गॅस, पाणी यांचं नियंत्रण वेगळं आहे का, प्लॅनिंगची परवानगी काय म्हणते, काउन्सिल टॅक्सचा बँड (स्थानिक घरपट्टीचा टप्पा) वेगळा आहे का, टपालाचा पत्ता वेगळा आहे का, हेही पाहतात. यातली कुठलीही एक गोष्ट एकट्याने निकाल लावत नाही.

आमच्या घरात मधलं दार होतं, जाड, आणि त्याला दोन्ही बाजूंनी कडी होती. विकणाऱ्या बाईंची आई तिकडे राहायची. ती रात्री तिच्या बाजूने कडी लावायची, कारण नातवंडं न विचारता आत घुसायची, असं त्यांनी मला सांगितलं. गॅसचा मीटर एकच, मुख्य घराच्या जिन्याखाली. पण सिंक, दोन शेगड्यांचा हॉब, शॉवर आणि स्वतःचं बाहेरचं दार असं सगळं असल्यामुळे हे वेगळं बिऱ्हाड नाही असं म्हणायला जागा नव्हती. आम्ही ते मान्य केलं आणि पुढच्या कसोटीवर सगळं लक्ष दिलं.

इथे एक फसवी गोष्ट आहे. आमच्या सॉलिसिटरच्या ऑफिसात काउन्सिल टॅक्सचे दोन बँड दिसले, त्यावरून ‘दोन निवासं’ असा शेरा पडला, आणि तिथून थेट जादा दर लावला गेला. मधली संपूर्ण पायरी गाळली गेली. ही पायरी तुम्ही स्वतः विचारून करून घ्या.

४. दोन तृतीयांशची कसोटी

सगळ्या लेखात नीट वाचायचा भाग हाच.

ॲनेक्स मुख्य घराचं दुय्यम निवास ठरायला दोन अटी आहेत. पहिली, ते मुख्य घराच्याच इमारतीत किंवा त्याच्या आवारात असलं पाहिजे. दुसरी, एकूण किमतीतला निदान दोन तृतीयांश वाटा मुख्य घराचा असला पाहिजे. नेमका दोन तृतीयांश असला तरी चालतो.

साडेसात लाखांत दोन तृतीयांश म्हणजे पाच लाख. आमच्या ॲनेक्सचा वाटा अडीच लाखांच्या वर गेला नाही तर आम्ही सुटलो. सर्व्हेअरने ॲनेक्सची किंमत १,६०,००० धरली, मुख्य घराची ५,९०,०००. म्हणजे मुख्य घर जवळजवळ ७९ टक्के. प्रश्न मिटला.

हेच एका दुसऱ्या घराबाबत झालं नाही. आधी आम्हाला आवडलेलं एक बंगलावजा घर होतं, ७,८०,००० ला. गॅरेजवर एक ॲनेक्स, बागेच्या टोकाला आणखी एक छोटी कॉटेज. एकेकटं बघितलं तर दोन्ही लहानच वाटतात. पण कसोटीत आवारातली सगळी निवासं एकत्र धरतात. कॉटेज १,८०,०००, ॲनेक्स १,१०,०००, म्हणजे दोन्ही मिळून २,९०,०००. मुख्य घराला उरले ४,९०,०००, जेमतेम ६३ टक्के. नापास. ३९,००० पौंड जादा. शिवाय कसोटीत नापास झालेल्या अशा खरेदीत तुमचं आधीचं राहतं घर विकून हे घेताय ही सबबही चालत नाही, आणि जगात तुमच्या नावावर दुसरं एकही घर नसलं तरी सरचार्ज लागतो. ते घर आम्ही सोडलं.

किमतीची वाटणी ‘न्याय्य आणि वाजवी’ असावी लागते. क्षेत्रफळावरून टक्केवारी काढून मोकळं होऊ नका. मुख्य घराला बाग असते, समोरची जागा असते, मोठं स्वयंपाकघर असतं. त्याचा एक चौरस मीटर आणि गॅरेजमधून काढलेल्या खोलीचा एक चौरस मीटर यांची किंमत सारखी नसते. कधी उलटंही होतं: नवं, उत्तम बांधलेलं ॲनेक्स जुन्या, ओल आलेल्या घरापेक्षा चौरस मीटरला महाग ठरतं.

ॲनेक्स उघडच लहान असेल, पाचव्या-सहाव्या हिश्शाचं, तर साधा हिशेब लिहून ठेवला तरी पुरे. पण वाटा तिसऱ्या हिश्शाच्या जवळपास रेंगाळत असेल तर आरआयसीएस या सर्व्हेअरांच्या व्यावसायिक संस्थेच्या चार्टर्ड सर्व्हेअरकडून लेखी वाटणी घ्या. आम्ही मार्जिन चांगलं असूनही घेतली, कारण नऊ दिवसांत सॉलिसिटरला पटवायचं होतं. होम सर्व्हे करणाऱ्याच सर्व्हेअरला आधी सांगितलं असतं तर हे काम त्याच भेटीत झालं असतं. तुम्ही आधीच सांगा.

आणखी एक छोटा नियम: एखाद्या निवासाचा वाटा ४०,००० पौंडांपेक्षा कमी असेल तर ते या हिशेबात धरतच नाहीत.

५. पुण्यातला फ्लॅट आणि गावचं घर

ॲनेक्सची कसोटी पार झाली तरी सरचार्ज दुसऱ्या दाराने येऊ शकतो. व्यवहाराच्या दिवसाअखेर तुमच्या नावावर जगात कुठेही दुसरं घर असेल आणि तुमच्या हिश्शाची किंमत ४०,००० पौंड किंवा जास्त असेल, तर ते मोजतात. भारतातलं घरही. पौंड शंभर रुपयांचा धरला तरी ही रक्कम ४० लाखांची. पुणे-ठाण्याकडचा साधा टू बीएचके यात सहज येतो.

एकत्र राहणारे नवरा-बायको एक एकक मानले जातात. फ्लॅट फक्त नवऱ्याच्या नावावर आणि इथलं घर फक्त बायकोच्या नावावर घेतलं तरी उपयोग नाही.

यातून सुटायची मुख्य वाट म्हणजे राहतं घर बदलणं. आधीचं राहतं घर विकून त्याच्या जागी हे घेत असाल, तर इतर घरं असली तरी सरचार्ज लागत नाही. आमचा कोथरूडचा फ्लॅट म्हणूनच आड आला नाही. इथलं आमचं जुनं राहतं सेमी-डिटॅच्ड घर त्याच दिवशी विकलं गेलं. जुनं घर वेळेत विकलं गेलं नाही तर सरचार्ज आधी भरावा लागतो, आणि तीन वर्षांच्या आत ते विकलं की परत मागता येतो.

वडिलोपार्जित घराबद्दल लोक फार गोंधळतात, म्हणून जरा सविस्तर. गावच्या घरात चार भावंडांचा हिस्सा असेल तर फक्त तुमच्या हिश्शाची किंमत बघायची, आणि कोकणातल्या किंवा देशावरच्या बऱ्याच घरांत ती ४०,००० पौंडांच्या खाली राहते. वारसाने हिस्सा मिळून तीन वर्षं झाली नसतील आणि तो निम्म्यापेक्षा जास्त नसेल, तर तोही सोडून देतात. नुसती शेतजमीन म्हणजे घर नव्हे. सातबाऱ्यावर नाव आहे एवढ्यानं घाबरू नका. गावठाणातल्या घराचा ग्रामपंचायतीचा नमुना ८ मात्र काढून ठेवा.

पहिल्यांदा घर घेणाऱ्यांची सवलत वेगळी आणि जास्त कडक आहे. ३ लाखांपर्यंत शून्य, तिथून ५ लाखांपर्यंत ५ टक्के, आणि किंमत ५ लाखांच्या वर गेली की सवलतच नाही. इथे ४०,००० ची मर्यादा चालत नाही. जगात कुठेही, कधीही, वारसाने का होईना, घरात हिस्सा आला असेल तर तुम्ही ‘पहिल्यांदा घेणारे’ राहत नाही. आजोबांच्या घरातला आठवा हिस्सा आठवत नाही म्हणून खोटी सही होते. असं होऊ देऊ नका. घरी फोन करून विचारा. आणि ही सवलत एकाच निवासाच्या खरेदीसाठी आहे. ॲनेक्स वेगळं निवास ठरत असेल तर सॉलिसिटरकडून याबद्दल लेखी मत घ्या.

६. कागदावर नावं कोणाची

बाबांनी पैसे दिले, मग त्यांचं नावही घालू या, असं आपल्याकडे प्रेमापोटी होतं. इथे ते फार महाग पडतं. एकत्र खरेदी करणाऱ्यांपैकी एकाचंही दुसरं घर असेल आणि तो राहतं घर बदलत नसेल, तर सरचार्ज पूर्ण व्यवहारावर लागतो. बाबांचं साताऱ्यातलं घर तुमच्या इंग्लंडमधल्या खरेदीत येऊन बसतं.

वर आणखी एक. खरेदीच्या आधीच्या १२ महिन्यांत यूकेमध्ये निदान १८३ दिवस न राहिलेली व्यक्ती या करासाठी परदेशी रहिवासी ठरते, आणि एप्रिल २०२१ पासून त्यावर २ टक्के वेगळा सरचार्ज आहे. तोही पूर्ण किमतीवर. आमच्या घराला दोन्ही लागले असते तर ५२,५०० पौंड नुसते जादाचे झाले असते.

आईवडील मदत करत असतील तर ती भेट म्हणून घ्या. परत मागणार नाही आणि घरात हक्क सांगणार नाही असं पत्र सॉलिसिटर मागतो, ते द्या. भारतातून पैसे पाठवताना रिझर्व्ह बँकेच्या योजनेत एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, आणि पैशांचा उगम दाखवणारे बँकेचे कागद इथे हमखास मागतात. हे काम महिना-दीड महिना आधी सुरू करा.

७. एक्सचेंजच्या आधी सॉलिसिटरला काय द्यायचं

एक्सचेंज झालं की तुम्ही बांधले गेलात, डिपॉझिट अडकलं. म्हणून कराचा प्रश्न त्याआधी लेखी मिटवा. मी सगळं एका फाईलमध्ये दिलं:

घर विकायला काढलं तेव्हाची जाहिरात आणि मोजमापांसह फ्लोअर प्लॅन.
लँड रजिस्ट्रीचा टायटल रजिस्टर आणि नकाशा.
ॲनेक्सची प्लॅनिंग परवानगी, अटींसकट. बहुतेकांमध्ये ‘मुख्य घराच्या पूरक वापरासाठीच’ अशी अट असते.
दोन्ही भागांचे काउन्सिल टॅक्स बँड.
सर्व्हेअरची लेखी किंमत-वाटणी.
मधलं दार, बाहेरचं दार, ओटा, शॉवर आणि मीटर यांचे तारखेसह फोटो.
जुन्या घराच्या विक्रीचे कागद.
भारतातल्या प्रत्येक घरासाठी इंडेक्स टू किंवा मिळकत पत्रिका, तुमचा हिस्सा, आणि आजची अंदाजे किंमत. कागद मराठीत असतील तर शेजारी चार ओळी इंग्रजीत लिहून द्या. आमच्या सॉलिसिटरने मिळकत पत्रिका उलटी धरली होती.

मेलमध्ये नेमके दोन प्रश्न विचारा: ‘ॲनेक्स दुय्यम निवास ठरतं का, आणि नसेल तर का नाही?’ आणि ‘रिटर्नमध्ये मालमत्तेचा कोड काय घालणार?’ साध्या निवासी खरेदीचा कोड ०१, जादा दराच्या खरेदीचा ०४. आमच्या पहिल्या मसुद्यात ०४ होता. फाईल दिल्यावर चौथ्या दिवशी उत्तर आलं, वरिष्ठ पार्टनरच्या सहीने, ०१ सह.

कम्प्लिशननंतर (व्यवहार पुरा होऊन घर ताब्यात आल्यावर) १४ दिवसांत रिटर्न भरून कर द्यावा लागतो; उशीर झाला तर १०० पौंडांपासून दंड. हे सॉलिसिटर करतो, पण जबाबदारी खरेदीदाराची. रिटर्नवर सही करण्याआधी प्रत मागून वाचा. एचएमआरसी, म्हणजे इथलं करखातं, नऊ महिन्यांपर्यंत चौकशी सुरू करू शकते, आणि कागद सहा वर्षं जपायचे असतात. एचएमआरसीच्या वेबसाइटवर कॅल्क्युलेटर आहे, त्यात स्वतः आकडे घालून पडताळा.

८. कर जास्त भरला गेला असेल तर, आणि परतावा कंपन्यांची पत्रं

चुकून सरचार्ज भरला गेला असेल तर रिटर्न भरायच्या शेवटच्या तारखेपासून १२ महिन्यांत तो दुरुस्त करता येतो. ती मुदत गेली तर खरेदीपासून चार वर्षांच्या आत जादा भरलेल्या कराचा दावा करता येतो. आधीचं राहतं घर नंतर विकलं म्हणून परतावा हवा असेल, तर विक्रीपासून १२ महिने किंवा रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून १२ महिने, यातली जी तारीख नंतरची ती मुदत. तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

आम्ही राहायला आल्यावर पाचव्या आठवड्यात एका परतावा कंपनीचं पत्र आलं. तुमच्या घराला ॲनेक्स आहे, तुम्ही हजारो पौंड जास्त भरले असतील, परतावा मिळाला तरच आमची फी, ३० टक्के. ज्या जुन्या सवलतीबद्दल ते बोलत होते ती आमच्या खरेदीच्या वर्षभर आधी बंद झालेली. अशा पत्रांना उत्तर देऊ नका. दावा तुमच्या नावाने जातो. तो नाकारला गेला की मिळालेले पैसे व्याजासह परत करायचे तुम्ही, दंड झाला तर तोही तुमचा. कंपनी तिची फी घेऊन केव्हाच बाजूला झालेली असते. बागेचा तुकडा घोड्यांचं कुरण आहे, म्हणून घर ‘मिश्र वापराचं’ ठरवून कर कमी करून घेऊ, असंही सांगणारे असतात. ॲनेक्सच्या जुन्या दाव्यांत ट्रायब्युनलने अनेकांना परत पाठवलं आहे. मनात शंका असेल तर तासाची फी देऊन चार्टर्ड टॅक्स ॲडव्हायझरला विचारा.

९. राहायला गेल्यावर काउन्सिल टॅक्स

हा दरवर्षीचा खर्च, म्हणून विसरू नका. ॲनेक्सला वेगळा बँड असेल तर दोन बिलं येतात. पण इंग्लंडमध्ये या करात ॲनेक्ससाठी खरी सूट आहे, आणि ती आपणहून मिळत नाही, अर्ज करावा लागतो.

६५ वर्षांवरचं किंवा गंभीर अपंगत्व असलेलं, तुमच्यावर अवलंबून असलेलं नातलग ॲनेक्समध्ये कायमचं राहत असेल तर ॲनेक्सचं बिल पूर्ण माफ होतं. तो वर्ग ‘डब्ल्यू’. सासूबाईंसाठी आम्ही हाच अर्ज केला. ॲनेक्स तुम्हीच घराचा भाग म्हणून वापरत असाल, किंवा कुटुंबातलं दुसरं कोणी तिथे राहत असेल, तर एप्रिल २०१४ पासून ५० टक्के सूट आहे. आणि ॲनेक्स रिकामं असून प्लॅनिंगच्या अटीमुळे वेगळं भाड्याने देताच येत नसेल, तर वर्ग ‘टी’खाली माफी आहे.

माझी आई सांगलीहून व्हिजिटर व्हिसावर येते, जास्तीत जास्त सहा महिने. तिचं घर सांगलीतच, त्यामुळे तिच्या नावावर वर्ग ‘डब्ल्यू’ मागता आला नसता. तुमचे आईवडील असे येऊन-जाऊन असतील तर ५० टक्क्यांचा अर्ज करा.

अर्जाला सासूबाईंचा जन्मतारखेचा पुरावा, डॉक्टरांच्या पत्राची प्रत आणि ॲनेक्सचा प्लॅन जोडला. सहा आठवड्यांनी शून्य रकमेचं बिल आलं, त्यांच्याच नावाने. पुढे ॲनेक्समध्ये राहणारं माणूस बदललं तर काउन्सिलला २१ दिवसांत कळवायचं असतं.